दुसऱ्याचं पदक

माझ्या आजोबांचा फोटो कधी निघालाच नाही. तरी या जानेवारीत त्यांचा चेहरा कारध्याच्या पुलापलीकडे, आमच्या गावाच्या फाट्यावर, फ्लेक्सवर लागला. गोरापान, रुंद छातीचा, मिशांना पीळ दिलेला तरुण. खाकी वर्दी, छातीवर पदक, मागे धूर आणि रणगाडे. खाली मोठ्या अक्षरांत आजोबांचं नाव, आणि त्याहून मोठ्या अक्षरांत शुभेच्छुक म्हणून माझ्या चुलतभावाचं.

मी ऑटोतून उतरून त्या माणसाकडे पाहत उभी राहिले. सोबत आत्या होती. आजोबांची ही थोरली मुलगी नव्वदीला टेकलेली आहे, आणि त्यांना नीट पाहिलेलं आमच्या घरात आता तेवढं एकच माणूस उरलं आहे. तिनं कपाळावर हात आडवा धरून वर पाहिलं.

"हा कोन व्हय वो बाई?"

"आजोबा. तुझे बाबा."

"काहीच्या काही! माहा बाप काळा होता, तव्यासारखा. अन् मिशी कुठची? लढाईतून आला तवा समोरचे दातबी नव्हते." ती हसली, मग पदरानं डोळे पुसले. "हा तर नाटकातला दिसते."

मी तिथूनच चुलतभावाला फोन लावला.

"अरे, हा चेहरा कुठून आणला?"

"मोबाइलवर बनते ना ताई आता. माह्या बाबाचा फोटो टाकला, काकाचा टाकला, म्हटलं, या दोघांचा बाप बनव. मस्त आला ना?"

मी फोन ठेवला. मला ओरडता येत नाही. लहानपणापासून राग आला की माझा आवाज जातो. सगळा जन्म भंडाऱ्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेला, तिथं हा गुणच ठरला. पण त्या दिवशी फाट्यावर आलेला राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही. म्हणून हे सावकाश लिहायला घेतलं आहे.

बाबा दिवाळीनंतर गेले. ते शाळेत शिक्षक होते, गावात त्यांना सगळे गुरुजी म्हणत. शेवटची वर्षं ते माझ्याकडे भंडाऱ्यालाच होते. त्यांची एक इच्छा मला पाठ झाली होती. गावात, जिथं सगळे येता-जाता पाहतील अशा जागी, आपल्या वडिलांचं नाव दगडावर कोरलेलं असावं. आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. खेचरांच्या तुकडीत. दारूगोळा डोंगरावर चढवायचा आणि येताना जखमींना खाली आणायचं, हे काम. एकदा चढावर गोळी लागून खेचर कोसळलं, तेव्हा त्याच्या पाठीवरचं ओझं आजोबांनी आपल्या पाठीवर घेतलं आणि वर मोर्चावर पोचवलं. ही गोष्ट बाबा जयंतीच्या कार्यक्रमात सांगत, लग्नाच्या मांडवात सांगत, दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही सांगत.

आणि गोष्टीच्या शेवटी पदक येई. मी लहान असताना बाबा मला स्कूटरवर बसवून गावाला नेत, तेव्हा कारध्याच्या जुन्या पुलावर ते हमखास थांबत. कठड्यापाशी नेऊन पाण्याकडे बोट दाखवत. "तिथं आहे ते." मी खाली पाहत राही. वैनगंगेच्या वाळूत एक गोल चकाकतं काहीतरी पडलं आहे आणि मासे त्याला नाक लावून जात आहेत, असं मला स्पष्ट दिसे.

ते तिथं कसं गेलं, याचीही गोष्ट होती. लढाई संपून आजोबा घरी आले, मागाहून पदक आलं. त्याच्या एका बाजूला मुकुट घातलेल्या राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला सिंह. आजीला अक्षरओळख नव्हती. मुकुट आहे म्हणजे हा कुणीतरी देवच, आणि यानंच नवऱ्याला सुखरूप परत आणलं, असं तिनं धरलं. पदक देव्हाऱ्यात पितळी देवांच्या रांगेत जाऊन बसलं. रोजच्या हळदी-कुंकवानं आणि घासण्यानं राजाचं नाक झिजलं होतं म्हणे. पुढं दीक्षेच्या साली आमच्या वस्तीनं घराघरांतले देव टोपल्यांत भरले आणि नदीत नेऊन सोडले. त्या टोपलीत देवांसोबत पदकही गेलं. चुकून. हा 'चुकून' बाबांचा. तो शब्द उच्चारताना ते दोन्ही हात पसरत आणि ऐकणारे चुकचुकत.

गेल्या वर्षी गावात सैनिकांच्या नावांचा दगड उभारायचं ठरलं. जागा गावच्या जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, घरानं दिली. समिती बसली, आणि समितीनं सांगितलं की ज्यांची माणसं लढाईत होती त्यांनी पदक किंवा कागद आणून दाखवावा. बाबांजवळ दोन्ही नव्हतं. मी त्यांना घेऊन गेले होते. काठी टेकत ते समितीपुढे उभे राहिले, सगळी गोष्ट सांगितली आणि हात पसरून म्हणाले, "चुकून गेलं हो."

समितीतला एक जण म्हणाला, "मंग काढा ना गुरुजी नदीतून. पन आता धरनाचं पानी चढलं तिथं. पानबुडी लागंल!"

सगळे हसले. बाबाही हसले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. आयुष्यभर इतरांची वाक्यं शुद्ध करत आलेला माणूस तिथं ओशाळून हसत होता. त्यानंतर ते पुलावर थांबायचं म्हणाले नाहीत.

ते गेल्यावर महिनाभरानं चुलतभाऊ माझ्या घरी आला. आत्या आंबागडहून मातीला आली होती, ती माझ्याकडेच राहिली होती. तो आला तो हसतच.

"ताई, आजोबाचं नाव पक्कं झालं. दगडावर कोरूनबी झालं. सव्वीस जानेवारीले कार्यक्रम." आणि त्यानं खिशातून लाल मखमलीची डबी काढली. "पदक भेटलं."

"कुठं?"

"समितीले सांगितलं का काकाच्या पेटीत भेटलं."

"बाबांच्या पेटीत मी स्वतः सगळं पाहिलं आहे."

"अरे, ऑनलाइन भेटते ताई! जुन्या वस्तू विकणारे असतात. एकदम ओरिजनल. त्याच लढाईचं, त्याच राजाचं. तू कायले टेन्शन घेऊन राहिली? काकाची इच्छा होती का नाही?"

होती. तो पदक माझ्याकडेच ठेवून गेला, त्याच्या घरी पोरं खेळायला घेतात म्हणून. कार्यक्रमात घरच्यांतर्फे दोन शब्द मी बोलावेत, असंही ठरवून गेला. "तू वाचनारी बाई आहे. लढाईचं सांग फक्त. जोशात."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवणाची भांडी आवरत होते, तर आत्या मोरीशी चिंच घेऊन बसलेली. पदक तिला मळकट वाटलं होतं. भंडाऱ्यात आणि आसपासच्या गावांत धातूची वस्तू मळकट ठेवणं बायकांना जमत नाही. ती पितळेची आहे की आणखी कशाची, हे विचारायच्या आधी चिंच लागते. ती घासत होती, निरखत होती, पुन्हा घासत होती.

"हे पाह्य वो बाई. याच्या कडेले मुंग्यांसारखं काय आहे?"

बाबांचं पेपर वाचायचं भिंग अजून त्यांच्या खाटेशीच होतं. मी ते आणलं आणि पदक खिडकीपाशी धरलं. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं ठोकलेली होती. एक क्रमांक, एक नाव, एका पलटणीची आद्याक्षरं. नाव आमच्या आजोबांचं नव्हतं. नावावरून तो माणूस आपल्या मुलखातलाही नसावा. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. इथं ते लिहीत नाही. या लिखाणात मी कुणाचंच नाव घेतलेलं नाही, आणि त्याचं घ्यायचा तर मला काहीच हक्क नाही.

कुठल्या तरी गावचा एक माणूस लढाईला गेला. परत आला की नाही कोण जाणे. त्याचं पदक विकलं गेलं, फिरत फिरत बाजारात आलं आणि आमच्या घरी आमच्या आजोबांचं म्हणून बसलं. त्याच्या गावातही उद्या असा दगड उभा राहील. त्याचा नातू समितीपुढे हात पसरून उभा राहील आणि समिती म्हणेल, पुरावा आणा. तो पुरावा माझ्या मोरीत चिंचेनं घासला जात होता.

मी आत्याला सांगितलं की हे दुसऱ्याचं आहे. तिला नवल वाटलं नाही.

"माले वाटलंच. याचं नाक शाबूत आहे." मग हात धुऊन, पदराला पुसून ती भिंतीला टेकली. "अन् आपलं काही चुकून नव्हतं गेलं."

"म्हणजे?"

"टाकलं त्यानं. माह्या बापानं. हातानं टाकलं."

आणि तिनं सांगितलं. तिच्या भाषेत, मध्येमध्ये थांबत, तिनं जे सांगितलं ते असं.

लढाईहून आल्यावरही गावात मालगुजारी होती आणि बेगार होती. दौऱ्यावर साहेब आला की त्याच्या पेट्या कारध्याहून गावच्या आमराईतल्या मुक्कामापर्यंत आमच्या वस्तीनं वाहायच्या. फुकट. आजोबांना बोलावणं आलं तेव्हा त्यांनी पेटीतून खाकी शर्ट काढला, त्यावर पदक लावलं आणि नकार द्यायला गेले. हे पाहून तरी काही बोलणार नाहीत, असं त्यांना वाटलं असावं. मालगुजारानं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि तो खूश झाला.

"वा रे! हे घालूनच उचल. सायबाले दिसू दे आमच्या गावचा शिपाई."

ओसरीवरचे सगळे हसले. आजोबांनी पेटी उचलली.

"मी बांधावर शेन येचून राहिली होती," आत्या म्हणाली. "डोक्यावर पेटी, छातीवर थे पदक हालून राहिलं. माह्याकडे पाह्यलं नाही त्यानं. सायेबानं इचारलं म्हने, कोनत्या पलटनीत होता? यानं सांगितलं. तर सायेब म्हने, शाबास. पेटी जपून ने, काचेचं सामान आहे."

घरी येऊन आजोबांनी पदक शर्टावरून ओढून काढलं आणि घरामागच्या वाडीत भिरकावलं. संध्याकाळी झाडताना आजीला ते सापडलं. तिनं धुतलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. आजोबांनी ते तिथंच राहू दिलं. मग दीक्षेचं साल आलं. आजी टोपलीत देव भरत होती. पदक तिनं बाजूला काढून नवऱ्यापुढे धरलं. म्हणाली, हा देव नाही, हे तुमचं आहे.

"तं बाप म्हने, हाबी देवच व्हय. याच्याबी पाया पडलो ना आपन इतके वर्स? टाक. अन् तिच्या हातून घेऊन टोपल्यात टाकलं. तुहा बाप तिथंच होता, शाळेत जाय तवा. त्यानंबी पाह्यलं."

"मग बाबा चुकून का म्हणायचे?"

आत्या माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू मी अजून शाळेतच आहे.

"टाकलं म्हनलं का लोक इचारतात, काहून टाकलं? मंग पेटीची गोष्ट सांगा लागते. चुकून म्हनलं का कोनी पुढं इचारत नाही."

मला बाबांचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येणं फार वाईट असतं, कारण तो घेऊन जायला जागा नसते. त्यांच्या खाटेकडे पाहून मला वाटलं, सगळ्या गोष्टीत तुमच्या वडिलांनी आपल्या मर्जीनं केलेली एकच गोष्ट होती, आणि तीच तुम्ही खोडलीत. ओझं उचलल्याची गोष्ट गावभर सांगितलीत, कारण ते डोंगरावर होतं. गावातलं ओझं तेवढं लपवलंत. लाज कुणाची होती ती, आणि पिढ्यान्पिढ्या ती सांभाळली कुणी!

संध्याकाळी मी चुलतभावाला कडेवरच्या नावाचं सांगितलं. तो म्हणाला, "कोन वाचते ताई तिथलं?"

"मी वाचलं."

"तू वाचलं तं वाचलं. काचेच्या पेटीत ठेवू, कड दिसतबी नाही. नाव कोरलं गेलं आहे. आता बिघडवू नको. माह्यासाठी नको करू, काकासाठी कर."

हेच खरं अडचणीचं होतं. एका बाजूला बाबांची आयुष्यभराची एकच इच्छा, पुरी झालेली, दगडात कोरलेली. मी फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं मला चांगलं येतं. दुसऱ्या बाजूला नदीत पदक टाकणारे आजोबा, ज्यांच्या छातीवर ते पुन्हा डकवायला सगळे निघाले होते, आणि तेही दुसऱ्याचं. मी सव्वीस जानेवारीपर्यंत रोज एक कागद लिहिला आणि फाडला.

कार्यक्रमाला मांडव होता, खुर्च्या होत्या, दगडावर झेंडूच्या माळा होत्या. प्रमुख पाहुणे होते मालगुजारांचे नातू. निवृत्त, सौम्य, पांढऱ्या शर्टातले. मला पाहून ते उठले आणि स्वतःची खुर्ची आत्याला दिली. "गुरुजी आज पाह्यजे होते," म्हणाले. ते मनापासून बोलले. त्यांना पेटीची गोष्ट माहीत नसणार, हे मला तेव्हाच कळलं, आणि त्यानं माझा राग कमी झाला नाही, वाढला. त्या घराला ती लक्षात ठेवायची कधी गरजच पडली नव्हती. लक्षात ठेवायचं काम तेवढं आमच्याकडे होतं.

काचेच्या पेटीत पदक ठेवायला चुलतभावानं हात पुढे केला. मी दिलं नाही. माझं नाव पुकारलं गेलं आणि मी ते मुठीत धरून माइकपाशी गेले. कागद नव्हता.

मी आधी कडेवरचं नाव वाचलं. मोठ्यानं, क्रमांकासह. मग म्हणाले की हे पदक या माणसाचं आहे, आम्ही त्याला ओळखत नाही, आणि ते आमच्या घरात सापडलेलं नाही, विकत आणलेलं आहे. आमच्या आजोबांचं वैनगंगेत आहे. चुकून गेलेलं नाही, त्यांनी टाकलं आहे. आणि का टाकलं तेही सांगितलं. शर्ट, ओसरी, पेटी, काचेचं सामान. माझा आवाज गेला नाही. फार मोठाही झाला नाही. मांडव इतका शांत होता की मोठा करायची गरज नव्हती. मालगुजारांचे नातू आपल्या हातांकडे पाहत होते.

मी पुढे म्हणाले, "या गोष्टीसकट नाव ठेवायचं असेल तर ठेवा. दुसऱ्याच्या पदकावर ठेवू नका."

कुणी टाळी वाजवली नाही. मागे बसलेल्या आमच्या वस्तीतल्या एका म्हातारीनं मात्र मोठ्यानं म्हटलं, "पेटी तं माह्या सासऱ्यानंबी वाहली." तिला शेजारणीनं गप्प केलं. मग सूत्रसंचालकानं माइक घेतला. "ताईंचे वडील नुकतेच गेले आहेत, त्यामुळे ताई भावुक झाल्या आहेत. आपण समजून घेऊ या." आणि लगेच देशभक्तीचं गाणं लागलं, एवढ्या आवाजात की खुर्च्या थरथरल्या.

मी भावुक झाले नव्हते. बाबांच्या मरणाचं मला दुःख आहे, ते माझं आहे. ते उचलून माझ्या बोलण्यावर पांघरूण म्हणून घालायचा अधिकार मी कुणाला दिला नव्हता.

मांडवाबाहेर चुलतभाऊ माझ्यासमोर आला. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याचे डोळे भरले होते.

"काकाले दुसऱ्यांदा मारलं तू."

त्याचं सगळंच खोटं होतं असं मी म्हणणार नाही. आठवड्याभरात समितीनं पुरावा नाही म्हणून आजोबांच्या नावात सिमेंट भरून घेतलं. दगडावर खालून दुसरी ओळ आता गुळगुळीत आहे. बाबांना हवं होतं ते मी घालवलं, हे मला माहीत आहे. गोष्टीसकट नाव ठेवायची समितीची तयारी नव्हती, हेही आता सगळ्या गावाला माहीत आहे.

त्या दिवशी परतताना पुलावर आत्यानं ऑटो थांबवायला लावला. नदी धरणाच्या पाण्यानं फुगून संथ झाली आहे. वाळू दिसत नाही, लहानपणी मला दिसायचं ते काहीच दिसत नाही. ऑटोवाला घाईत होता. आत्या कठड्यापाशी जाऊन उभी राहिली आणि माझ्यापुढे हात पसरला.

"दे इकडे थे. टाकते. माह्या बापानं टाकलं तिथंच टाकते."

पदक माझ्या मुठीत गरम झालं होतं. तिच्या हातावर ते ठेवावं आणि पाण्याचा आवाज ऐकावा, असं मला फार वाटलं. सगळा राग एकदाच खाली गेला असता.

"नाही आत्या. आजोबांनी स्वतःचं टाकलं. हे आपलं नाही."

"मंग काय करशील?"

"त्याच्या घरचं कुणी सापडतं का, ते शोधीन."

"नाही भेटलं तं?"

"तर ठेवीन. सांभाळून."

तिनं विचार केला. ऑटोवाल्यानं हॉर्न दिला. तिनं त्याच्याकडे हात हलवून, थांब रे बाप्पा, असं केलं.

"ठेव मंग," ती म्हणाली. "पन त्याच्या पाया पडू नको."